वाशीतल्या आमच्या शाळेचा इतिहास लिहायला घेतलाय : आठवणी, फोटो, कागद हवेत

खाडीकाठ

गेल्या महिन्यात शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत काढायला शाळेत गेले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी जुनं जनरल रजिस्टर काढायला सांगितलं आणि माझं नाव शोधता शोधता म्हणाल्या, "शाळेला पन्नास वर्षं होत आली, पण इतिहास म्हणून एक पानसुद्धा कुणी लिहिलेलं नाही. तुम्ही घ्याल का?" मी हो म्हणून आले.

संस्थेची लेखी परवानगी अजून यायची आहे, तोवर शाळेचं नाव इथे लिहीत नाही. वाशीच्या जुन्या सेक्टरांत वाढलेल्यांना ओळख पटेलच. पटली तरी नाव टाकू नका, ही विनंती.

आता त्या रजिस्टराबद्दल. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे हे दप्तर कायम जपायचं असतं. रजिस्टर नंबर, नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण असे रकाने. मी माझं नाव पाहून रजिस्टर मिटणार होते, पण नजर 'यापूर्वीची शाळा' या रकान्यावर गेली आणि पुढचे दोन तास मी तिथेच उभी होते.

पहिल्या पानांवर दादर, परळ, गिरगावच्या महापालिका शाळा आहेत. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल सुरू झाला आणि चाळीतली कुटुंबं सिडकोची घरं घेऊन इकडे आली. ती ही मुलं. त्यांच्या अधूनमधून वाशीगाव, जुहूगाव, कोपरी, तुर्भे इथल्या जिल्हा परिषद शाळांची नावं लागतात. मग काही पानांनंतर जन्मस्थळाचा रकाना एकदम बदलतो: पाटण, जावळी, कोरेगाव, जुन्नर. कांदा-बटाटा बाजार मुंबईतून इकडे हलला, त्याच्यामागे माथाडी आले आणि त्यांच्यामागे त्यांची मुलं. १९८२-८३ च्या पानांवर 'यापूर्वीची शाळा' लालबाग-परळची आणि वर्षाच्या आतच 'सोडल्याचं कारण : गावी गेल्यामुळे' अशा नोंदी आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. संप हा शब्द रजिस्टरात कुठेही नाही. कुणीतरी सुवाच्य अक्षरात 'गावी गेल्यामुळे' एवढंच लिहिलंय.

मला वाटतं आपल्या शाळेचा इतिहास या रकान्यांतून सुरू व्हावा. स्मरणिकेत नेहमी येतात ती संस्थापकांची छायाचित्रं आणि निकालाच्या टक्केवारीचे तक्ते येऊ देत, पण मागे.

दुसरी बाजू सोयीसुविधांची. कोणती खोली कधी बांधली, प्रयोगशाळेचं सामान कुठून आलं, वाचनालय वर्गाबाहेरच्या कपाटातून स्वतंत्र खोलीत कधी गेलं, मैदानाला कुंपण कधी पडलं, याचा लेखी हिशेब तुटक आहे. मला आठवतं ते एवढं: सुरुवातीला सिमेंटच्या पत्र्याच्या बैठ्या खोल्या, मग तीन मजली इमारत. सकाळी पाचवी ते सातवी, दुपारी आठवी ते दहावी. पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की बाई शिकवणं थांबवून फळ्यावर लिहायला लागायच्या.

मी मार्च १९९१ च्या दहावीची. आमच्या पुढच्याच वर्षी, ९ मे १९९२ ला वाशीला लोकल आली. आम्ही अकरावीला बसने पूल ओलांडून जात होतो, आमच्यामागची मुलं रेल्वेनं गेली. शाळेचा पट, शिक्षकांची ये-जा, मुलांनी निवडलेली कॉलेजं, सगळ्यावर याचा परिणाम झाला असणार. कुणाला नेमकं सांगता येईल का?

निळी शाई

खूप चांगलं काम घेतलंयत. मी १९९६ ची. माझ्याकडे सहलीचा एक आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या वेळचा एक असे दोन फोटो आहेत. दुसऱ्यात मागे जुन्या बैठ्या खोल्या दिसतात. स्कॅन करून पाठवते.

चित्रकलेला वेगळी खोली नव्हती. जिन्याखालच्या जागेत सर बसवायचे. तिथल्या उजेडात काढलेली स्थिरचित्रं माझ्याकडे अजून आहेत.

आगरपाडा ते वाशी

तुमच्या 'पहिल्या पानांवरच्या' मुलांपैकी मी एक. आम्ही आलो तेव्हा संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसत नसे. आईला रडू यायचं. शाळा हीच एक जागा होती जिथे आवाज असायचा.

शाळेची घंटा आठवते का कुणाला? रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, व्हरांड्याच्या टोकाला तारेनं टांगलेला. वाशीत रेल्वे यायच्या कितीतरी आधी वाशीत रूळ होता तो हा. त्याचा आवाज जुहूगावापर्यंत जायचा.

मिठागर

माझं घर त्या जिल्हा परिषद शाळेवाल्या गावांपैकी एका गावात. इतिहास लिहिताय तर सुरुवात रजिस्टराच्याही आधी करा, ही विनंती.

ज्या जमिनीवर सेक्टर उभे राहिले ती ९५ गावांची जमीन. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यावर जगणारे आगरी-कोळी लोक. गावात चौथी-सातवीपर्यंत शाळा होती. हायस्कूलला माझे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एसटीनं ठाण्याला जायचे. आत्यांना कुणी पाठवलं नाही. चौथी झाली की घरी. म्हणून वाशीत हायस्कूल आलं तेव्हा आमच्याकडे दोन गोष्टी एकत्र घडल्या. एकीकडे जमीन गेल्याचा राग होता. जानेवारी १९८४ मध्ये उरणला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आणि दुसरीकडे त्याच काळात माझी मोठी बहीण आमच्या घरातली दहावी झालेली पहिली मुलगी ठरली, कारण शाळा चालत पंधरा मिनिटांवर होती.

दोन्ही लिहा. एक लिहून दुसरं गाळू नका. तुमच्या रजिस्टरात बहिणीच्या पत्त्यापुढे सेक्टर नसेल, फक्त गावाचं नाव असेल.

खाडीकाठ

मिठागर, हे मी नक्की घेणार, आणि अगदी सुरुवातीला घेणार. ताई बोलायला तयार असतील तर मी घरी येऊन टिपून घेईन. पत्त्याच्या रकान्याचं तुम्ही म्हणता ते खरंय, तसंच आहे.

खडूफळा

मी या शाळेत विज्ञान शिकवत होतो, निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. गावाकडचा मी साताऱ्याचा. वाशीत तेव्हा साताऱ्याच्या पालकांचा एक वेगळा दृष्टिकोन होता. कर्मवीरांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. तिकडच्या घरोघरी कुणीतरी रयतच्या शाळेत किंवा वसतिगृहात राहून शिकलेलं असतं. त्यामुळे बाप स्वतः पाठीवर पोती वाहत असला तरी मुलानं शिकायचं हे त्याला पटवून द्यावं लागत नसे. १९७९ ला वाशीत कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय सुरू झालं तेव्हा आमच्या शाळेतले पालक आपलं काही आल्यासारखे खूश होते, आमची संस्था वेगळी असूनही.

प्रयोगशाळेचं सविस्तर सांगतो, कारण ते कागदावर सापडणार नाही.

पहिली काही वर्षं प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक टेबल. गॅस नव्हता, स्पिरिटचे दिवे. पाणी पिंपात भरून ठेवायचं. हायड्रोजन तयार करायचा प्रयोग मी एकदाच करून दाखवायचो, कारण वुल्फची बाटली एकच होती. मुलं बाकांवर उभी राहून बघायची. नवीन इमारत झाली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेची खोली मिळाली, पण ओटे करायला पैसे उरले नव्हते. कडाप्पा कुणीतरी स्वस्तात दिला. तो वर न्यायचा कसा? पालकसभेत मी हे नुसतं बोललो. रविवारी सकाळी बाजारातले आठ-दहा पालक आले, डोक्याला फडकं, खांद्यावर पोतं. कडाप्प्याच्या लाद्या ट्रकमधून उतरवून दोन मजले खांद्यावरून नेल्या. एक लादी फुटली नाही. मी वाराईचं, म्हणजे हमालीच्या पैशांचं, विचारलं तर त्यांच्यातला वयस्कर माणूस म्हणाला, "मास्तर, पोराच्या शाळंची वाराई घेत्यात व्हय?"

त्या ओट्यांवर नंतर पाच ओळींत गॅसचे बर्नर बसले. प्रत्येक बॅचला स्वतःच्या हाताने टायट्रेशन करता यायला लागलं. आजही ते ओटे तसेच असतील तर त्यांच्यावर अॅसिडचे डाग शोधा, फेनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग पहिल्यांदा पाहून दचकून हात हललेल्या मुलांचे आहेत.

माथाडी मुलांबद्दल अजून एक. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे या कामगारांना बोर्डाकडे नोंदणी, भविष्य निर्वाह निधी, सुट्ट्या मिळाल्या, घरं मिळाली. पण काम रात्री-पहाटेचंच राहिलं. गाडी कधी लागेल त्यावर सगळं. एका खोलीत बाप सकाळी झोपलेला, म्हणून मुलं शाळेत लवकर येऊन व्हरांड्यात अभ्यास करायची. त्यांच्यासाठी आम्ही सकाळच्या सत्रात एक वर्ग रिकामा ठेवत होतो. त्याला अभ्यासिका वगैरे नाव नव्हतं. सुविधांच्या यादीत हा रिकामा वर्ग जरूर घाला.

पोळीभाजी

सर, तुम्ही आम्हाला नववीला होता. त्या रिकाम्या वर्गात माझा भाऊ बसायचा. तो आता शिक्षक आहे. तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, बराच वेळ काही बोलला नाही.

नौपाडाकर

मी ठाण्याचा, तुमच्या शाळेचा नाही, पण विषय जवळचा आहे. ठाण्यात गोष्ट वेगळी. इथे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला आली, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, विद्या प्रसारक मंडळ १९३५ चं. शाळा आधी होत्या आणि उपनगर त्यांच्याभोवती वाढत गेलं. नवी मुंबईत आराखड्यात आधी शाळेचा भूखंड आखला आणि मग माणसं आली. दोन्हीचे फायदे-तोटे आहेत. ठाण्यात नौपाड्यातल्या शाळांना मैदान म्हणून जे आहे ते तुमच्याकडच्या पार्किंगएवढं.

तुमच्या शाळेच्या सुरुवातीच्या काळाशी जोडलेला एक मुद्दा. मार्च १९७५ मध्ये जुन्या पद्धतीची अकरावीची एसएससी आणि नव्या आकृतिबंधाची दहावीची एसएससी, दोन्ही परीक्षा झाल्या. मी त्या दहावीच्या पहिल्या बॅचचा. एका वर्षी दोन बॅचेस बाहेर पडल्या आणि अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग घाईघाईनं सुरू करावे लागले. तुमची शाळा त्यानंतरची, म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून दहावीचाच आकृतिबंध. म्हणूनच तुमच्या सरांनी सांगितलेली प्रयोगशाळा नव्या अभ्यासक्रमासाठीच मांडली गेली असणार. जुन्या शाळांना आहे त्या सामानात नवा अभ्यासक्रम बसवावा लागला, तो त्रास तुम्हाला नव्हता.

खडूफळा

नौपाडाकर, बरोबर. फक्त सामान नसल्याचा त्रास होता.

रेती सिमेंट

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, नवी मुंबईत काम करतो. इमारतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तीन मजली इमारत १९८० च्या दशकातली असेल तर ती तीस वर्षांच्या पुढे गेली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र द्यावं लागतं. वाशीत सेक्टर ९-१० मधल्या सिडकोच्या जेएन-१, जेएन-२ इमारतींचं प्लास्टर कसं पडत होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. कारण साधं आहे. खाडीची खारी हवा, त्यातले क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून सळईपर्यंत जातात. सळई गंजते, गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतं, मग तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि छताचा पापुद्रा सुटतो. बाथरूमच्या खालचे स्लॅब आणि गच्चीखालचा मजला आधी जातात.

इतिहास लिहिणाऱ्यांना विनंती: जुने नकाशे, दुरुस्तीची बिलं, गच्चीवर वॉटरप्रूफिंग कधी केलं याच्या पावत्या सापडल्या तर फेकू नका. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ सेल, कोअर या काँक्रीट आणि सळई तपासायच्या चाचण्या आम्ही करतो, पण इमारतीत काय घातलंय हे कागदावर असलं तर निदान फार चांगलं होतं. आणि कडाप्प्याचे ते ओटे दुरुस्तीच्या वेळी पहिले तोडले जातात. आधीच लेखी सांगून ठेवा.

दुपारचं सत्र

मी सध्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते, वाशीतल्या नव्हे. इतिहास वाचून छान वाटतंय, पण आजचं चित्र यात आलं नाही तर स्मरणिका अर्धी राहील.

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्यातही आधार जुळलेली मुलंच धरली जातात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या वर्गांना शिक्षक मिळणं आणखी कठीण झालं. पट गेला की आधी जातात ते चित्रकला, क्रीडा, ग्रंथालय. शिपायांचंही तसंच. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयानं निवृत्त होणाऱ्या शिपायाच्या पदाऐवजी शिपाई भत्ता आला. तुमच्या रुळाच्या तुकड्यावर टोला मारणारे काका होते ना, ते पद आता भरलं जात नाही. आमच्याकडे घंटा शिक्षकच देतात.

अजून एक सुविधा, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलींचं स्वच्छतागृह. मी ज्या शाळेत शिकले तिथे ते कुलूपबंद असायचं, किल्ली कार्यालयात, आणि कार्यालयात सगळे पुरुष. आम्ही सकाळपासून पाणी प्यायचो नाही. पाळीचे चार दिवस घरी राहायचो, आणि हजेरीपटावर ते 'आजारी' म्हणून लागायचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, अडथळा नसलेला प्रवेश, मैदान, कुंपण हे सगळं लिहिलेलं आहे, पहिली ते आठवीसाठी. नववी-दहावीच्या मुली त्याच इमारतीत त्याच नळावर येतात. खाडीकाठ, तुमच्या शाळेत हे कधी नीट झालं त्याची तारीख शोधा. संगणक कक्षाच्या उद्घाटनाची तारीख शोधाल तशीच.

खाडीकाठ

दुपारचं सत्र, मनापासून आभार. मी संगणक कक्षाची तारीख आधीच टिपून ठेवली होती. स्वच्छतागृहाची शोधायचं मनात आलं नव्हतं, आणि त्या शाळेत मी स्वतः पाणी न पिता बसलेली आहे.

हात धरून

छोटासा मुद्दा. माझा मुलगा व्हीलचेअरवर. त्याला दिव्यांग मुलांसाठीच्या महापालिकेच्या वाशीतल्या ईटीसी केंद्राचा खूप आधार मिळाला, पण शेजारच्या मुलांबरोबर शाळेत जायची त्याची इच्छा होती. दहावीचा वर्ग तळमजल्यावर आणा, एवढंच मी मागितलं होतं. एका मुख्याध्यापकांनी एका दिवसात वर्ग बदलून दिला. खर्च काहीच नाही. सुविधांमध्ये हेही मोजा.

मैदानवाला

मैदानाबद्दल थोडं. सिडकोचे भूखंड भाडेपट्ट्यावर असतात, साठ वर्षांचा करार. आमच्या सेक्टरातल्या शाळेच्या मैदानाच्या फाटकावर पाटी होती: शाळेच्या वेळेनंतर सर्वांना खुलं. आमचं सगळं क्रिकेट त्या पाटीवर झालं. नंतर फाटकाला कुलूप लागलं आणि पाटी रंगवली गेली. तुमच्या शाळेचा भूखंड वाटपाचा कागद मिळाला तर त्यातल्या अटी शब्दशः छापा. मुलांना आणि रहिवाशांना दोघांनाही कळू दे की हे मैदान कोणत्या अटीवर मिळालं होतं.

निळी शाई

रजिस्टराचे फोटो काढताना काळजी घ्या. फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथं दाबू नका, बांधणी सुटेल. मोबाइल स्टँडवर लावून वरून, दिवसाच्या उजेडात, पानामागे कोरा कागद सरकवून काढा. मागच्या पानाची शाई पुढे उमटत नाही. आणि इथे पानं टाकू नका, त्यात जात, पत्ते, जन्मतारखा आहेत. रकान्यांमधून गावांची नावं तेवढी उतरवून घेता येतील.

खाडीकाठ

हो, पानं कुठेही टाकणार नाही. गावांची यादी हाताने उतरवतेय, रजिस्टरातल्या तीन वर्षांची उतरवून झाली.

काल शाळेत गेले होते. सर, ओटे आहेत. दुसऱ्या ओळीत खिडकीकडच्या लादीवर डाग आहेत, मी बोट फिरवून पाहिलं. छताला ओल आहे, म्हणून रेती सिमेंट यांचा प्रतिसाद छापून मुख्याध्यापिकाबाईंना दिला. त्यांनी दुरुस्तीच्या फायलीत लावला आणि ओट्यांबद्दल स्वतःच्या हातानं वर टीप लिहिली. भूखंडाचा कागद संस्थेच्या कार्यालयात आहे, त्यासाठी अर्ज दिलाय. मुलींच्या स्वच्छतागृहाची नोंद १९९४ च्या शाळा समितीच्या इतिवृत्तात सापडली, दोन ओळींची. ठराव कुणी मांडला तिथे एका शिक्षिकेचं नाव आहे. त्यांचा पत्ता शोधतेय.

आगरपाडा ते वाशी, तुमचा रूळ नकाशांच्या गुंडाळ्यांमागे भांडारखोलीत होता. तार तशीच आहे. आम्हा दोघींना उचलवला नाही. आठवीतल्या चार मुलांनी मिळून व्हरांड्यात आणून ठेवला आणि त्यातल्या एकानं विचारलं, "बाई, वाजवू का?"